अडकली, पण उधळली नाही

मथुफुई कोणतीही गोष्ट विकत घेण्याआधी तिच्या पाठीवर थाप मारायची. बैल असो, म्हैस असो, माठ असो की शिसवी पलंग. थाप मारायची, मान तिरकी करून कान द्यायची, आणि मगच ती गोष्ट घरात यायची किंवा आल्या वाटेने परत जायची. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलालाही तिने, "काय बाप्पा, प्रवास बराबर झाला ना?" म्हणत अशीच एक थाप दिली. त्याला जी ढास लागली ती चहा येईपर्यंत थांबेना. "छाती कच्ची आहे," फुईने आत येऊन सांगितलं. ते स्थळ तिथेच संपलं.

फुई म्हणजे आत्या. आमच्या तापीकाठच्या केळी-कापूसवाल्या घरांत आत्याला तसंच म्हणतात. माझ्या वडिलांची, अण्णांची, ती थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परतली. घरच्यांना वाटलं, आता ही कोपऱ्यात बसून वाती वळेल. तिने आमच्या जसोंडी गावची शेती हातात घेतली, आणि अशी घेतली की अण्णांना बुऱ्हाणपुरात कापसाची आडत सांभाळण्यापलीकडे काही काम उरलं नाही. बैलबाजारात ती स्वतः जायची. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून सौदा करतात. बाईमाणसाचा हात कसा धरायचा म्हणून दलाल लाजायचे, तर फुईच पदर पुढे करून म्हणायची, "लाजतो कायले? मी तुले नवरा नाही करून राहिली, बैल घेऊन राहिली."

आता माझ्याविषयी सांगते, म्हणजे हसायला जागा होईल. मी तेव्हा सोळा वर्षांची. दोन वेण्या आणि मधे नुसती हवा. माझा मामा इंदूरला संस्थानच्या मोटारखान्यात नोकरीला होता. उन्हाळ्याच्या सुटीत त्याने मला एका मोकळ्या मैदानावर मोटार चालवायला शिकवली. शिकवली म्हणजे काय, गोल गोल फिरवली. सरळ रस्ता, समोरून येणारं माणूस, आडवी बसलेली गाय, यांतलं मी काहीच पाहिलं नव्हतं. तरी परत आले ती विमान चालवून आल्याच्या ऐटीत. जेवताना ताट पुढे ओढतानाही गिअर टाकल्यासारखा हात करायची.

अण्णांना मोटारीची गरज होतीच. धूलकोटच्या बाजूला कापूस पाहायला सारखं जावं लागे, आणि त्यांची नजर अधू. दिवेलागणीला ते दारातल्या म्हशीलाही "या, बसा" म्हणायचे. त्यांना मुलगा नव्हता. मी हट्ट धरला तेव्हा आईने कपाळाला हात लावला, पण अण्णा म्हणाले, "घेऊ मोटार. चालव तू. मात्र मथुबाई पसंत करील तीच गाडी. तिने सगळ्याच नापसंत केल्या, तर विषय संपला, आणि तू आईजवळ पापड लाटायला बसायचं."

पहिली मोटार आली ती एका संस्थानी सरदाराची. लाल. दोन माणसांची. हूड मागे पाडलेलं आणि पुढचे दिवे असे चकाकणारे की त्यांत मला माझा चेहरा दिसला, तोही बराच सुंदर. मी मनातल्या मनात त्या गाडीतून बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातून निघाले, वेण्या मागे उडत होत्या, शाळेतल्या सगळ्या मुली दाताखाली पदर धरून पाहत होत्या. फुई जसोंडीहून छकड्यातून आली. तिने गाडीभोवती फेरी मारली. खाली वाकून चाकं पाहिली, खूर पाहावेत तशी. बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसून उचलला.

"अंगात ताप आहे हिच्या."

"फुई, ते इंजिन आहे. ते तापतंच."

"तापल्यावर गप्प राहते की लाथा मारते?"

सरदाराच्या माणसाने गाडी सुरू करून दाखवली. तिने अशी डरकाळी फोडली की छकड्याचे बैल जू घेऊनच उठले. फुईने मान हलवली. "पोळ्याले सुटलेला गोऱ्हा आहे हा. हा नाही."

मी रडले. नुसती नाही, पाय आपटून रडले. फुईने मला ओट्यावर बसवलं आणि समजावलं, "पाह्य, नवा गोऱ्हा गाडीले जुंपायचा तर त्याच्या जोडीले कोण जुंपतात? म्हातारा बैल. गोऱ्हा इकडे ओढते, तिकडे ओढते, म्हातारा आपला मधल्या वाटेने चालते. दोन्ही गोऱ्हे जुंपले, तर गाडी विहिरीत. आता तू गोऱ्हा. ही बी गोऱ्हा. मंग विहीर कोणती, तेवढं सांग."

मग खंडव्याच्या एका डॉक्टरांची मोटार आली. काळी, उंच, आणि आतमध्ये पगडीवाला माणूस उभ्याने मावेल एवढं टप. तिचा भोंगा दमेकऱ्यासारखा आधी घरघरायचा आणि मग कसाबसा वाजायचा. डॉक्टर म्हातारे होऊन घरी बसले होते, आणि गाडीही त्यांच्याइतकीच दमलेली दिसत होती. फुईने थाप मारली. आतून काहीतरी सैल खुळखुळलं. तिचा चेहरा उजळला. आणि बाजारातल्या सवयीने तिने पदर पुढे करून त्याखालून डॉक्टरांकडे हात लांबवला.

डॉक्टरांनी तो हात धरला, डोळे मिटले आणि नाडी मोजू लागले.

फुईने दोन बोटं दाबली. डॉक्टर म्हणाले, "शांत राहा बाई, हलू नका." फुईला वाटलं, माणूस भावाला चिवट दिसतो. तिने आणखी एक बोट दाबलं. डॉक्टरांनी डोळे उघडले, आणि ते गंभीरपणे म्हणाले, "नाडी जरा उसळते आहे. तिखट कमी करा." अण्णांनी उपरणं तोंडात कोंबलं आणि ते आडतीत निघून गेले. शेवटी सौदा माणसांसारखा तोंडानेच झाला. पण फुईने एक अट घातली. "आधी वाळूत पाहीन."

नवा बैल ती नेहमी तापीवरच्या राजघाटाच्या वाळूत पाहायची. भरलेली गाडी नदीच्या वाळूत घालायची आणि जनावर काय करतं ते पाहायचं. मोटारीतही तिने सरकीची पोती भरायला लावली. चालवायला मी. माझ्या आयुष्यातला तो पहिला सरळ रस्ता, आणि तो थेट नदीत जात होता. वाळू लागताच चाकं जागच्या जागी फिरली, गाडी आसापर्यंत रुतली, एक सुस्कारा सोडून बंद पडली. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "आता तुम्ही घेणार नाही, मी समजतो."

"कोन म्हणते?" फुई म्हणाली. "अडकली, पण उधळली नाही. चांगलं चालणारं जनावर कोन्हीबी ओळखते, डाक्तरसाहेब. फसल्यावर ते काय करते, ते पाहावं लागते. ही आपली पोरीले घेऊन गप बसली. मले हीच पाहिजे."

छकड्याच्या बैलांनी गाडी ओढून काढली. मी घरी येऊन जेवले नाही. "मी त्या ताबूतात बसून गावातून फिरू? मैत्रिणी हसतील!"

"हसू दे ना," फुई ताकाचं भांडं पुढे करत म्हणाली. "त्याहिले हसायले तू जित्ती पाहिजे."

मैत्रिणींना फार वाट पाहावी लागली नाही. पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम शाळा सुटायच्या वेळेला बाजारातून गाडी काढली. मान ताठ, एक हात खिडकीबाहेर. कोण कोण पाहतंय, ते मी पाहत होते. समोर केळ्यांची हातगाडी होती, तेवढं पाहायचं राहिलं. आमची मोटार इतकी सावकाश चालली होती, की केळीवाल्याने आधी मला शिवी दिली, मग हातगाडीवरचा तराजू उचलून बाजूला ठेवला, जिलबीवाल्याला "देख भैया, ठोकती है" असं सांगितलं, आणि त्यानंतर धडक बसली. एका फणीचं शिकरण झालं. बाकी कुणाला खरचटलंही नाही. तो लाल गोऱ्हा असता तर काय झालं असतं, हे माझ्या हवा भरलेल्या डोक्यातसुद्धा रात्री शिरलं.

फुईला कळलं. ती आली ती वाटीत हळद-तेल घेऊन. मला वाटलं, माझ्या कपाळाला लावणार. ती सरळ गाडीकडे गेली, पोचा आलेल्या जागी हळद-तेल चोळलं, बॉनेटवरून हात फिरवला, "लागलं का वं माय?" मग माझ्याकडे वळून, "तुले रस्ता दिसत नाही. तुले फक्त लोक दिसतात. लोक दिसणं बंद झालं, का गाडी चालवता आली म्हणून समज." पोळ्याला तिने त्या मोटारीच्या दिव्यांना गेरू फासला, गळ्यात म्हणजे पुढच्या जाळीवर घुंगरांची माळ बांधली, आणि पुरणपोळीचा घास जाळीत असा कोंबला, की पुढे महिनाभर गाडी तापली की गुळाचा वास सुटायचा.

पण फुई स्वतः त्या गाडीत कधी बसली नाही. "बसेन, कामाशी," एवढंच म्हणायची.

मी अठरावं ओलांडलं तेव्हा अकोल्याचा एक मुलगा मला पाहायला आला. वकिली शिकत होता. इस्त्रीचा कोट, जरीचा फेटा आणि सोबत एक सतत घड्याळ काढणारा काका. मुलगा मला आवडला, हे मी कशाला लपवू? मला एकच धास्ती होती, की फुई त्याच्या पाठीवर थाप मारणार आणि याची छातीही कच्ची निघणार. फुईने थाप मारलीच नाही. ती नुसती बघत होती, आणि मला तेच जास्त भीतीचं वाटलं.

निघायच्या वेळी ती म्हणाली, "पोरगी सोडून देईल टेसनावर." आणि पहिल्यांदाच दार उघडून माझ्या शेजारी पुढे बसली. मला धरणी ठाव देईना. या देखण्या मुलाला मी त्या ताबूतातून नेणार! जरा पुढे गेल्यावर फुई हळूच म्हणाली, "राजघाटावरून घे."

"अगं फुई, लालबागचं स्टेशन पार त्या टोकाला—"

"घे म्हटलं ना."

मी घेतली. वाळू आली, चाकं फिरली, गाडी तोच ओळखीचा सुस्कारा टाकून बसली. काकांनी घड्याळ काढलं, आणि मग तोंड उघडलं. आगगाडी निघून जाईल, ही कुठली वाट, मुलीला अक्कल नाही, घराला अक्कल नाही, असं ते चढत गेले. फुई पुढच्या सीटवर देवळातल्या मूर्तीसारखी बसून होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त मान जराशी तिरकी केली होती.

मागचं दार उघडलं. मुलगा उतरला. त्याने फेटा काढून फुईच्या मांडीवर ठेवला, कोट काढून काकांच्या हातात दिला. मग खिडकीशी येऊन मला म्हणाला, "तुम्ही घाबरू नका. मी म्हणेन तेव्हा हळूच सोडा." आणि ढकलायला लागला. चाकांनी उडवलेली वाळू त्याच्या तोंडावर, इस्त्रीच्या सदऱ्यावर, जिथे म्हणून जाता येईल तिथे गेली. घाटावरच्या बायका हसल्या, तर तो त्यांनाच म्हणाला, "मावशी, नुसतं हसू नका, हात लावा." त्या खरंच उठल्या. गाडी निघाली, आगगाडी मात्र केव्हाच गेली होती. परतीच्या वाटेवर त्याने एवढंच विचारलं, "इथली माव्याची जिलबी म्हणे फार नावाजलेली आहे?"

घरी उतरल्यावर फुईने त्याचा फेटा त्याच्या हातात दिला, आणि मग पाठीवर एक सणसणीत थाप मारली. वाळूचा ढग उठला. तो खोकला नाही. फुई माझ्या कानाशी आली. "गोऱ्हाच आहे. पण जुंप."

मी अकोल्याला गेल्यावर पुढे काही वर्षांनी फुई गेली. सकाळी गोठ्यात एक फेरी मारून आली, ओट्यावर टेकली, ती टेकलीच. मोटार तिच्याहून जास्त जगली. शेवटी जसोंडीच्या खळ्यात उभी असायची आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. फुई असती तर म्हणाली असती, बसून खात नाही, कामाशी आहे.

परवा नातीसाठी पहिली गाडी घ्यायची म्हणून घरात बैठक बसली. तिला लाल हवी आहे. आमचे हे, आता तोंडात एकही दात नाही, पण गोष्ट सांगायची हौस दांडगी, तिला सांगत होते, "गाडी कोणतीही घे बाई. फक्त रस्ता तुझ्या आजीला विचारू नकोस. मला स्टेशनवर सोडायला निघाली, आणि नेलं कुठे? नदीत! एवढीशी वाट हिला कळली नाही."

नातवंडं हसतात. पन्नास वर्षं ते हेच सांगत आले आहेत, आणि पन्नास वर्षं मी मान खाली घालून ऐकत आले आहे. त्यांच्या पाठीवर थाप मारायला हात मात्र शिवशिवतो.