चालू दुकान, ‘कायमचे बंद’

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळे ‘वहिनी’ म्हणत. त्यांना सख्खा दीर एकच. पण तो पूर्वी दुकानात बसून दिवसभर ‘वहिनी, पकड द्या, वहिनी, तेल द्या’ असा घोष करायचा, आणि ते ऐकून गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं. पुढे दीर दुसऱ्या धंद्यात गेला, सासरे वारले, आणि दुकान वहिनींकडे राहिलं.

काम त्या सासऱ्यांकडूनच शिकल्या. लग्नानंतर दोन वर्षांनी सासऱ्यांची नजर अधू झाली, खालचा दोरा धरणाऱ्या शटलमधली केसासारखी स्प्रिंग दिसेनाशी झाली. सुनेने ती चिमट्यात धरून पहिल्या झटक्यात बसवली. म्हातारा म्हणाला, "उद्यापासून तू ये." त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला पत्र्याच्या डब्यांची रांग, दाराजवळ स्टुलावर बसायची जागा, आणि सगळीकडे मशीनच्या तेलाचा वास. गिऱ्हाईक चाक फिरवायचं, वहिनी डोळे मिटून आवाज ऐकायच्या आणि आतलं दुखणं सांगायच्या.

तर अशा दुकानात महिनाभर गिऱ्हाईक फिरकेना. वहिनींनी मनाची समजूत घातली, लोक हल्ली तयार कपडे घेतात, शिवतंय कोण. पण पलीकडच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे मात्र मशीनं ओळीने उभी होती, आणि त्याला तर सुईचा दांडाही सरळ बसवता येत नव्हता.

मग एक दिवस त्यांची जुनी गिऱ्हाईक, झबली शिवणारी शिंपीण, दारात येऊन थबकली.

"अगंबाई, तुम्ही आहात?"

"मी नाही तर कोण असणार?"

"अहो, फोनवर दाखवतंय की दुकान बंद झालं. मी दोनदा पलीकडे जाऊन आले. त्याने माझ्या मशीनची पार वाट लावली. आज इथून चालले होते, म्हणून सहज डोकावले."

तिने फोन पुढे केला. नकाशावर दुकानाचं नाव होतं, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘कायमचे बंद’.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. त्या स्वतःच्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर दुकानातलंच जुनं मशीन उघडं होतं, बोटं तेलाने काळी झाली होती. आपण जिवंत असताना कुणी आपल्या तेराव्याची तयारी करावी, तसं त्यांना वाटलं.

संध्याकाळी त्यांनी परगावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "सोपं आहे आई. ‘बदल सुचवा’ दाब आणि दुकान चालू आहे असं लिही."

वहिनींनी लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: तुमची सूचना स्वीकारता आली नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

"मग तू मालक आहेस असा दावा कर," मुलगी म्हणाली. "ते नोंदवलेल्या नंबरवर एक आकडा पाठवतील, तो टाकायचा."

नोंदवलेला नंबर होता सासऱ्यांच्या वेळच्या दुकानातल्या फोनचा. तो फोन बंद होऊन नऊ वर्षं झाली होती.

"म्हणजे आता तुझ्या आजोबांना विचारू का आकडा काय आला म्हणून?" वहिनी म्हणाल्या.

"आई, माझ्यावर कशाला चिडतेस?"

"दुसरं कोणी भेटत नाही म्हणून."

ते खरंच होतं. जिथे तक्रार करायची तिथे माणूसच नव्हता. नुसते चौकोन होते, आणि प्रत्येक चौकोन दाबला की आणखी चार निघायचे. वहिनींचे यजमान, बस कंपनीतून निवृत्त झालेले कारकून, आरामखुर्चीतून सल्ले देत होते. "रीतसर अर्ज दे. पोच घे." वहिनींनी विचारलं, अर्ज कुणाला देऊ? ते म्हणाले, तेही खरंच.

त्यांच्याच ओळखीने एक गृहस्थ आले. ते पूर्वी विमा विकायचे, आता पहिलं पान विकत होते. लोकांनी शोधलं की तुमचं दुकान पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, असा त्यांचा शब्द होता. मुलगी फोनवरून सांगत होती की असं पक्कं वचन कोणालाच देता येत नाही. पण वहिनींच्या नाकी नऊ आले होते. त्यांनी मान हलवली.

गृहस्थांनी जुनी नोंद तशीच ठेवून एक नवी केली. चार दिवसांनी वहिनींनी ती उघडली. दुकानाचं नाव झालं होतं, ‘सर्वोत्तम शिलाई मशीन दुरुस्ती स्वस्त जलद घरपोच माझ्या जवळ’.

"हे नाव आहे का?" त्यांनी विचारलं.

"लोक जे शोधतात तेच नावात घातलं, ताई."

"‘माझ्या जवळ’ म्हणजे कोणाच्या जवळ?"

यावर त्यांनी अभिप्राय वाचायला सांगितले. चाळीस लोकांनी पाच-पाच तारे दिले होते. वहिनींनी पहिला वाचला: ‘जेवण चविष्ट, वाढणारे नम्र.’ दुसरा: ‘कुटुंबासह नक्की या, मुलांना खूप आवडलं.’ तिसऱ्यात तर पोहण्याच्या तलावाची स्तुती होती.

"यादी चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाची लागली असेल," गृहस्थ म्हणाले.

आठवड्याच्या आत ती नवी नोंद नियमभंगाखाली काढून टाकण्यात आली. जुनी मात्र जागच्या जागी होती. कायमचे बंद.

त्या रविवारी वहिनी घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसल्या होत्या. यजमान समोर फोनवर टकटक करत होते.

"काय चाललंय?"

"फोन प्रश्न विचारतो. या बागेत प्यायचं पाणी आहे का, त्या दवाखान्याला जिना आहे का. खरं उत्तर दिलं की गुण मिळतात. माझी सातवी पायरी आहे." ते जरा ताठ बसले. "फार थोडे पोचतात."

वहिनींनी फोन हातात घेतला. दिलेल्या उत्तरांची लांबलचक यादी होती. त्या बोटाने ती सरकवत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. त्यांच्याच दुकानाचं नाव होतं. प्रश्न: हे ठिकाण कायमचे बंद झाले आहे का? उत्तर: हो.

"अहो, हे काय आहे?"

नवऱ्याने फोन लांब धरून पाहिला. "हां. मी त्या दिवशी तुझा डबा घेऊन आलो होतो. तू सुटे भाग आणायला गेली होतीस. शटर खाली होतं. फोनने विचारलं, बंद आहे का. बंद होतं."

"कायमचं?"

"ते बारीक अक्षरात असणार. चष्मा घरी राहिला होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसाही आठ आठवड्यांचा. वहिनी म्हणाल्या, "इतके दिवस माझी तगमग समोर बघत होतात ना?"

"मला काय माहीत माझं उत्तर कोणी एवढं मनावर घेईल," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात तर कोणी घेत नाही."

वहिनींना हसू आलं असतं, पण त्यांनी येऊ दिलं नाही. "आत्ताच्या आत्ता लिहा, दुकान चालू आहे."

त्यांनी चष्मा लावून लिहिलं. वीस मिनिटांत लाल अक्षरं गेली. मालकिणीने दोनदा सांगून जे पटलं नाही, ते सातव्या पायरीच्या माणसाने एकदा सांगून पटलं. याचा आनंद मानावा की कपाळ बडवावं, हे वहिनींना त्या दिवशी ठरवता आलं नाही. रात्रीचं जेवण मात्र नवऱ्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

पुढचं काम वहिनींनी नेटाने केलं. मालकीच्या पुराव्यासाठी जुन्या नंबरऐवजी सलग चित्रफीतही चालत होती: रस्ता, पाटी, किल्लीने शटर उघडणं, आतलं काम. नवऱ्याने पहिल्यांदा काढली तीत निम्मा वेळ त्यांचं बोटच होतं. दुसरी मान्य झाली. नाव पाटीवर होतं तेवढंच ठेवलं, नंबर आत्ताचा घातला, वेळ लिहिली: सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सात. शिंपिणीला त्या म्हणाल्या, "मला तारे नकोत. मशीनला काय झालं होतं आणि काय केलं, तेवढं खरं लिही." तिने लिहिलं: ‘टाके सुटत होते. वहिनींनी फक्त आवाज ऐकून सांगितलं.’ ते वाचून महिनाभरात ओळखीपाळखी नसलेली अकरा माणसं आली. एक बाई तर दोन तास प्रवास करून आईचं हाताचं मशीन मांडीवर घेऊन आली होती.

आणि मग पहिला एक तारा पडला. एका माणसाने लिहिलं होतं: ‘दीड वाजता गेलो, दुकान बंद.’

वहिनींनी चार उत्तरं लिहून खोडली. पाचवं पाठवलं: ‘एक ते तीन आम्ही जेवतो. वर लिहिलं आहे. पुन्हा या, बघून देते.’

तो चौथ्या दिवशी बरोबर तीनला खरंच आला. मशीनच्या चाकात दोऱ्याचा गुंता होऊन ते घट्ट बसलं होतं. वहिनींनी मागचं झाकण काढलं, चिमट्याने वीतभर दोरा ओढून काढला, तेल सोडलं आणि चाक त्यालाच फिरवायला लावलं. ते लोण्यासारखं फिरलं. माणूस खूश होऊन गेला.

संध्याकाळी वहिनींनी फोन पाहिला. त्याने आपला अभिप्राय बदलला होता. आता दोन तारे होते, आणि खाली लिहिलं होतं: ‘काम उत्तम. पण बाई कमी बोलतात.’