दुखणं उलटलं तो शिमगा

माझी बायको गेल्या पावसाळ्यात गेली. ती असती तर हे लिहिलं नसतं. पोरीचा विषय निघाला की ती उठून घरामागच्या परड्यात जायची. आता घरात उठून जाणारं कोणी नाही. मी चौथी पास, ते पण मास्तरांनी ढकलला म्हणून. तेव्हा जसं येतंय तसं लिहितो.

पोर आमची एकच, आठ वर्षांची. ऐंशी सालानंतरची गोष्ट. तिला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा वाडीत हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. मुंबईला नेली, डोकीवरचे केस गेले, पण बरी होऊन घरी आली. केस परत आले ते कुरळे. पहिले सरळ होते. तेल लावताना आई तिला म्हणायची, "ही कोणाची गो पोर माझ्याकडं दिलीनी?" आणि पोर खिदळायची. त्या खेपेला माझी जाळी विकली गेली. त्याचं मला काही वाटलं नाही. जाळं परत विणता येतं.

मग शिमगा आला आणि पोरीला ताप भरला. पायावर निळे डाग, मार लागल्यासारखे.

"कुठं पडलीस?"

"नाय ओ बाबा, कुठंच नाय पडले."

रत्नागिरीला डॉक्टरला दाखवली. त्यानं रक्त तपासलं आणि म्हणाला, "आजार उलटलाय. लगेच मुंबई गाठा, दिवस घालवू नका." पैशाची सोय करायला म्हणून तेवढा पोरीला घेऊन घरी परतलो, तर घरात वेगळंच.

आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघरी जाते. कोणाकडे कधी जायची ते मानाप्रमाणे ठरलेलं असतं. आमचं घर पार खालच्या टोकाला, समुद्राकडे, म्हणजे आमचा मान शेवटचा. आणि बायको देवीला बोलून बसली होती, की पोर जगली तर दर शिमग्याला तिच्या हातून ओटी भरीन.

"पालखी आपल्याकडं येऊन जाऊ दे, मग निघू," ती म्हणाली.

"अगो, डॉक्टर काय बोलला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण गेल्या खेपेला पोर कोणी वाचवलीन ते मला ठाऊक हाय."

"डॉक्टरनं."

"म्हणा. तुमच्या जिभेला हाड कधी होतं!"

मी तडक गावकाराकडे गेलो. पालखीचा पहिला मान त्याचा, शब्द त्याचा. चारचौघांत विड्याचं पान जुळवत बसला होता. म्हटलं, पालखी आजच आमच्याकडे आणा, पोरीला मुंबईला न्यायचीय.

"पालखी काय एस्टी हाय? हात दाखवला की थांबायला?" सगळे हसले. "मान आजवर मोडला नाय. देवीला घाई नसते."

"देवीला नसेल. माझ्या पोरीला हाय."

हसणं थांबलं, पण एकही जण जागचा हलला नाही. त्यावर मी जे बोललो ते लिहिण्याजोगं नाही.

मग होडी. ती माझी आणि चुलतभावाची, निम्मी निम्मी. तो माझ्याहून धाकटा. म्हटलं, माझा भाग तू घे.

"दादा, शिमग्यात होडी विकू नये रे."

"मग तू घेऊ नको. दुसरा बघतो."

संध्याकाळी पैसे घेऊन आला. घासाघीस केली नाही, हे खरं ते सांगितलं पाहिजे. "तांडेल तूच राहशील, दादा, सुकाणू तुझ्याच हातात," म्हणाला. मला हसू आलं. मासळी विकली की आधी होडीचा वाटा निघतो, मग इंजिनाचा, मग जाळ्यांचा, आणि राहील ते माणसांत. जाळी आधीच गेली होती. आता मी नुसता माणूस राहिलो.

सकाळच्या एस्टीला निघालो.  बायकोनं तांदूळ, खण आणि नारळ एका पिशवीत वेगळे घेतलेले मी बघितले.

गाव संपता संपता गाडी थांबली. पुढं रस्त्यावर पालखी. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत चालली होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, हात जोडले. पोर म्हणाली, "बाबा, मला दिसत नाय, उचला ना." मी उचलली. कागदासारखी हलकी. बायकोनं पिशवी घेतली, आम्ही तिघं खाली उतरलो. ती सरळ गावकारापुढं उभी राहिली.

"पोरीच्या हातून ओटी भरते. इथंच."

"वाटेवर ओटी घेत नायत. तुमच्या घरी येऊ तेव्हा भरा."

"घराला कुलूप हाय."

"मग पुढल्या वर्षी."

उभ्या जन्मात ही बाई गावकारापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं पोरीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"पुढल्या वर्षी काय तुमच्या नातीच्या हातून भरू?"

झांजा थांबल्या. ढोलवाला तेवढा वाजवत राहिला, त्याला ऐकूच आलं नव्हतं. बायको गाडीत चढली, पायरीच्या लोखंडावर नारळ फोडलान आणि खोबऱ्याचा तुकडा पोरीच्या हातात दिलान.

"देवीचा ना गो आये?"

"आता तुझा. खा."

पोरीनं खाल्ला. बऱ्याच दिवसांनी तिनं मागून दुसरा तुकडा घेतला.

मुंबईला डॉक्टरनं तपासली आणि म्हणाला, "वेळेवर आणलंत." त्या एका वाक्यावर आम्ही बाहेर फुटपाथवर उभं राहून चहा प्यायलो, लग्नघरी प्यावा तसा.

पुढं काय लिहू? निम्मी होडी सुयांतून गेली. पहिल्या खेपेला लागू पडलेलं औषध या खेपेला लागू पडेना. पाठीच्या कण्यात सुई द्यायचे तेव्हा पोरीला धरायला दोन माणसं लागायची. मी पुढं झालो की म्हणायची, "बाबा, तुम्ही नको. तुम्ही डॉक्टरवर ओरडता." ओरडत होतो. करणार काय दुसरं? केस परत गेले, ते कुरळे पण. गणपतीच्या आधी पोर तिथंच गेली.

गावकार तोंडावर म्हणाला, पालखी वाटेत टाकून गेलात, देवी कोपली. वाडीतल्या शिकलेल्या एकानं सांगितलं, अशा आजारात वेळ महत्त्वाची, आणखी लवकर न्यायला हवी होती. दोघांनाही माझ्याकडून शिव्याच मिळाल्या.

परत आलो आणि चुलतभावाच्या होडीवर जायला लागलो. एका दुपारी दर्यावरून येऊन जेवायला बसलो. बायको समोर.

"आपण वेळेवर नेली ना ओ तिला?"

"नेली."

"मग?"

मी म्हटलं, "भात वाढ." तिनं वाढला.