शेट्यांच्या हातातलं माप

"एक मिनिट, परत एकदा बघतो."

हे वाक्य हरीश शेटे दिवसातून किती वेळा म्हणतो ते त्याच्या बायकोला, अलकावहिनींना विचारावं. घराला कुलूप लावल्यावर, गाडी रस्त्याला लागल्यावर, कधी कधी चहात साखर टाकून ढवळल्यावरसुद्धा. कुलूप लागलंय हे त्याला माहीत असतं, तरी हात मागे जातोच. इंग्लंडात, मेडनहेडमधल्या आमच्या रस्त्यावर सगळी माणसं संध्याकाळी पडदे ओढून शांत बसतात. हरीशच्या घरात मात्र कोणी ना कोणी जिना चढत-उतरत असतं, आणि तो बहुतेक हरीशच असतो.

मी त्यांचा शेजारी, शशी. आम्ही दोघंही नगरकडचे. हरीशच्या घरचं बाजारपेठेत भुसाराचं दुकान होतं आणि आमची शेती होती. आमची ज्वारी कधीतरी त्याच्या वडिलांच्या मापातून गेली असेल, असं आम्ही धरून चाललोय. हरीश इकडे आला, स्लाऊच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत निवृत्त झाला. मुलं लांब गेली. मग एका जुन्या सहकाऱ्याबरोबर तो रायफल क्लबात गेला, आणि तिथून हे वेड लागलं.

लांबच्या निशाणावर नेम धरायचा तर विकतची काडतुसं मनासारखी चालत नाहीत. म्हणून ही माणसं काडतुसं घरीच भरतात. लायसन्स असतं, पोलिसांचा माणूस येऊन कपाट आणि कुलपं बघून जातो, सगळं रीतसर. झाडलेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, तिच्यात ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारूची पावडर ओतायची, वर गोळी दाबायची. वाचायला सोपं वाटतं. यातली गोम सगळी त्या 'मोजून'मध्ये आहे.

हरीशच्या गॅरेजात भिंतीला लावलेलं एक यंत्र आहे. वर पावडरचा उभा डबा, खाली फिरता लोखंडी गोळा, गोळ्यात एक खळगा. दांडा वर केला की खळगा भरतो, खाली केला की तेवढी पावडर पुंगळीत पडते. दर वेळी सारखीच पडली पाहिजे. थोडी जास्त पडली तर गोळी वर जाते, कमी पडली तर खाली. जवळच्या निशाणावर ते कळत नाही. सहाशे यार्डांवर माणसाची अब्रू जाते.

आणि त्या उन्हाळ्यात हरीशच्या गोळ्या वर-खाली जात होत्या. डावी-उजवीकडे नाही, सरळ उभ्या रेषेत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

हे साध्या वेळी चाललं असतं. पण सप्टेंबरात शेजारच्या काउंटीच्या संघाशी सामना होता. संघ चौघांचा, आणि चौथी जागा रिकामी झालेली. हरीश कित्येक वर्षं राखीव होता. राखीव माणूस म्हणजे लग्नातला वाढपी, सगळ्यांच्या पुढून जातो पण पंगतीत त्याला पान नसतं. शनिवारी सकाळी क्लबचा कॅप्टन ग्रॅहम निवड करणार होता. हरीशने गावाकडे भावाला फोन करून आधीच सांगून टाकलं होतं की तो संघात आहे.

"सांगितलंत कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, होणारच आहे."

"मग रात्रभर कूस का बदलता?"

हरीशची नेहमीची पावडर दुकानात यायची बंद झाली होती, तिथून सगळं बिघडलं. दुकानदाराने तिच्याऐवजी तीन प्रकार सुचवले, आणि हरीशने ते मला वहिनींच्या स्वयंपाकघराच्या भाषेत समजावले. पहिली पावडर शेवयांच्या तुकड्यांसारखी, लांब कांड्यांची. निशाणावर सर्वांत देखणी, पण यंत्रातून जाताना कांड्या आडव्या अडकतात, दांडा 'कट्' करून थांबतो, आणि खळगा दर वेळी वेगळा भरतो. दुसरी खसखशीसारखी गोल. पाण्यासारखी वाहते, माप चुकत नाही, पण गरम दिवशी वेगळी वागते आणि गार दिवशी वेगळी. तिसरी मधली, आखूड तुकड्यांची. तीही मापात चांगली; पण हरीशच्या रायफलीतून तिच्या गोळ्या निशाणावर शेवयांच्या पावडरीइतक्या एकमेकींना चिकटून बसत नव्हत्या.

तिन्ही त्याने काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या पुष्कळ खालून सुरू करून, माप हळूहळू वाढवत जवळच्या निशाणावर तपासल्या होत्या. आणि मन शेवयांवर जडलं.

"अरे, मग एकेक माप तोलून घे ना," मी म्हटलं. "तराजू आहे की."

"हिवाळ्यात ते करून बघितलं. आकडा हलतो. हलला की मी परत ओततो. परत तोलतो. अख्खा रविवार गेला आणि मूठभर काडतुसं झाली." मग तो जरा ताठ झाला. "आणि शशी, आमच्या दुकानात मापावर कोणी शंका घेतली नाही कधी. मधूनच एखादं तोलतो मी. दर वेळी बरोबर येतं."

हेच कोडं होतं. तोललेलं माप दर वेळी बरोबर, आणि निशाणावर शिडी.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा हरीश शेवटची काडतुसं भरत होता. वहिनी दारात वाळलेले कपडे घेऊन उभ्या होत्या. त्या गॅरेजात सहसा येत नाहीत. म्हणतात, तिथे उभं राहिलं की उगाच जीव घाबरतो. पण त्या दिवशी त्या हलल्या नाहीत. हरीशच्या हाताकडे बघत राहिल्या.

"अहो, त्या डब्याला टिचक्या कशाला मारता?"

"कोण? मी?"

"नाही, शशीभावजी मारताहेत."

"मी कशाला मारीन? काहीतरीच."

"आत्ता मारलीत. दोन. त्याच्या आधीच्याला एकही नाही." वहिनींनी कपडे खुर्चीवर ठेवले. "मामंजी असंच करायचे. पायली भरली की बोटांनी ठोकायचे, धान्य खाली बसलं की वर आणखी ओंजळ घालायचे. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर दोनदा ठोकायचे."

हरीशचा हात दांड्यावर तसाच थांबला.

आमच्याकडे ही रीतच आहे. माप ठोकून, हलवून, शीग लावून द्यायचं. कोरं सपाट माप देणारा वाणी कंजूष ठरतो. हरीश लहानपणापासून त्या मापाशेजारी वाढला. हातात मुरलेलं ते. मन दुसरीकडे गेलं की बोटं आपली आपण उठून ठोकत. ठोकलं की कांड्या दाटून बसत आणि खळग्यात जास्त पावडर जाई. तोलायची वेळ आली की तो सावध होई, श्वास धरी, बोटं गप्प बसत. म्हणून तोललेलं तेवढं बरोबर.

"ठोकून दाखवा," वहिनी म्हणाल्या.

त्याने ठोकून एक माप घेतलं, न ठोकता एक. तराजूवर दोन्ही ठेवली. फरक मला चष्म्याशिवाय दिसला.

हरीश गॅरेजात फेऱ्या मारू लागला, दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत. टेबलावर त्याची भरलेली काडतुसं पितळेच्या कणसांसारखी ओळीत उभी होती.

"यातलं कुठलं ठोकलेलं आणि कुठलं न ठोकलेलं, कळणार कसं?" त्याने स्वतःलाच विचारलं.

"उद्या नीट बसतील देवाच्या कृपेनं," मी म्हटलं.

"देव कशाला येतोय सहाशे यार्डांवर?" तो ओरडला. मग लगेच म्हणाला, "सॉरी रे."

वहिनी म्हणाल्या, "आता न ठोकता भरा ना."

"अगं, मला ठोकलेलंच कळत नाही तर न ठोकलेलं कसं कळणार? उद्याचा दिवस डोक्यात असताना?" तो खुर्चीवर बसला. "हाताला मी आवरू शकत नाही. माझ्या हाताला जी दाद देत नाही ती पावडर घ्यावी लागेल."

त्याने शेवयांची पावडर डब्यात परत भरून तिचं झाकण लावलं, यंत्र झाडून पुसलं, आणि मगच दुसरा डबा उघडला. एका वेळी टेबलावर एकच पावडर, हा त्याचा कडक नियम. खसखस ठोकली, न ठोकली. आकडा हलला नाही. आखूड तुकडे ठोकले, न ठोकले. आकडा नावाला हलला. खसखस त्याने उन्हातच तपासली होती आणि उद्या सकाळी गारठा असणार होता. तो मधल्या डब्याकडे बघत राहिला. न आवडलेल्या सोयरिकीकडे बघावं तसा.

मग एकेक काडतूस हातोडीसारख्या अवजारात घालून, ते आपटून त्याने गोळ्या काढल्या, पावडर वेगळी केली, आणि पहिल्यापासून सगळं भरलं. बोटं डब्यावर टिचक्या मारत होती. आता तो त्यांना मारू देत होता.

शनिवारी रेंजवर विरळ धुकं होतं. वहिनी थर्मास घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. निवडीसाठी उरलेली दोघंच, हरीश आणि फियोना नावाची शाळेतली शिक्षिका. हरीश चटईवर पालथा पडला. अंदाजाच्या पहिल्या गोळ्या खाली गेल्या. पावडर नवी, गारठा नवा. त्याने रायफलीवरच्या दुर्बिणीचं चाक फिरवलं, कमीच फिरवलं, आणि गुणांच्या पहिल्या दोन गोळ्याही काळ्या ठिपक्याच्या खालच्या कडेला बसल्या. मग त्याने चाक परत फिरवलं. त्यानंतरच्या सगळ्या गोळ्या मधोमध, एका आडव्या रेषेत, जणू कोणी दोरी धरून टाके घातले.

ग्रॅहमने गुण वाचले. फियोना थोडक्यात पुढे होती.

"हॅरी," ग्रॅहम म्हणाला, "तुझी शिडी कुठे गेली?"

"मोडली."

"दोन गोळ्या आधी मोडायला हवी होती, दोस्ता."

"हो ना," हरीश म्हणाला. फियोनाचा हात हातात घेऊन त्याने हलवला, मनापासून, जरा जास्तच वेळ. मग आमच्याकडे आला. वहिनींनी कप पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"दादाला फोन करावा लागेल," तो म्हणाला.

"करू घरी जाऊन," वहिनी म्हणाल्या. "चहा घ्या आधी."

धोक्याचा लाल बावटा खाली आला होता. निशाणाजवळच्या खंदकातली, गोळी कुठे लागली ते दाखवणारी माणसं बाहेर येऊन हात हलवत होती. हरीशने रायफल रिकामी असल्याचं ग्रॅहमला दाखवलं, ती पिशवीत घालून माझ्याकडे दिली, आणि ओल्या गवतातून निशाणांच्या दिशेने चालू लागला. निशाणांचे कागद आणायला गाडी जाणार होतीच. त्याला कोणीतरी हाक मारून ते सांगितलं. "एक मिनिट, परत एकदा बघतो," म्हणत त्याने मागे न बघता हात वर केला.

उंच माणूस, जरासा पुढे झुकलेला. गवत त्याच्या विजारीला घोट्यापर्यंत भिजवत होतं. लांबून तो घाईत आहे की रेंगाळतोय ते कळत नव्हतं. ग्रॅहम खोक्यात सामान भरायला वळला, फियोना फोनवर हसत बोलत होती. वहिनी हातातला कप तसाच धरून त्याच्या पाठीकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, मग मीही तिकडेच बघत राहिलो.