फिर्यादीच्या आधी आलेला डबा

"उचला त्याला! रेकॉर्डवरचा चोर समोर बसलाय आन् तुमी माझाच जबाब घेताय?"

दुकानदार असा ओरडत होता की धारूरच्या किल्ल्याची उरलीसुरली भिंत त्याच दिवशी कोसळायची. मध्ये डोंगर होते म्हणून वाचली. निवृत्त झालो तरी तो आवाज कानातून गेलेला नाही. मांजरसुंब्याकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. या गृहस्थाचं पाण्याच्या मोटारींचं दुकान फुटलं होतं. सकाळी दुकान उघडायला गेलो, कुलूप तुटलेलं दिसलं, तसाच इकडं आलो, असं त्यानं फिर्यादीत लिहून दिलं.

ज्यांच्याकडं तो बोट दाखवत होता ते, सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं, बाकावर बसले होते. मांडीवर जेवणाचा डबा. मामा टेम्पोचालक. तरुणपणी एका घरफोडीत नाव आलं, कोर्टानं निर्दोष सोडलं. पण ठाण्याच्या निगराणी यादीतून नाव हललं नाही. हद्दीत कुठंही चोरी झाली की हवालदार आधी त्यांनाच आणायचा. पुढं पुढं मामांनी आमचे हेलपाटेच वाचवले. चोरीची कुणकुण लागली की बायको डबा भरून द्यायची आणि हे आपणहून येऊन बसायचे. संध्याकाळी सही करून घरी.

या वेळी मात्र त्यांचा एक अर्ज माझ्या खणात होता. शाळेच्या बसवर चालकाची नोकरी ठरत आली होती, फक्त आमचा चारित्र्याचा दाखला अडला होता.

चहा ठेवता ठेवता हवालदार कानाशी लागला, "साहेब, मामा आज झाडलोट व्हायच्या आधीच आलेत. फिर्यादीच्या लई आधी."

माझ्या मिशा आपोआप उभ्या राहिल्या. मालकाला कळायच्या आधी याला कळलं कसं? मामांना आत घेतलं. माझी नजर तेव्हा अशी होती की समोर म्हैस बांधली तर तिनंही कुणाचा कडबा खाल्ला ते कबूल केलं असतं. उलटसुलट विचारून मी थकलो, मामा डबा धरून तसेच. शेवटी खणातला अर्ज काढला आणि म्हटलं, खरं बोल, नाहीतर हा फाडला म्हणून समज.

"कावून फाडता, साहेब," मामा म्हणाले. "त्यांनीच धाडलं मला. आमी नवराबायको कपिलधारला दर्शनाला निघालो व्हतो. ते पहाटं दारात आले. म्हणले, माझं दुकान फुटलंय, तू ठाण्यात जाऊन बस. गावात न्हाई दिसला तर पळाला म्हणतील."

"मग इतका वेळ तोंड का शिवलं होतं?"

"भल्यासाठी सांगितलं त्यांनी. त्यांचं नाव कसं घ्यावं?"

मी बाहेर आलो. दुकानदाराला स्वतःच्या हातानं चहा दिला. असा चहा मी फार थोड्यांना दिलाय आणि त्यातला एकही सुटलेला नाही. चोरी कधी कळली, पुन्हा विचारलं. दुकान उघडताना, म्हणाला. नक्की? नक्की. मग पहाटे मामाच्या दारात काय काम होतं? निम्मा चहा माझ्या टेबलानं प्यायला.

माल धारूरकडच्या त्याच्या सासुरवाडीच्या गोठ्यात पंचांसमक्ष सापडला. सगळा खटाटोप विम्यासाठी. मामा कपिलधारला गेले असते तर संशय घ्यायला माणूसच उरला नसता. जबाबात रडत म्हणाला, "एकदा कर्जाचे हप्ते चुकले, साहेब. पुढं सगळे फेडले. तरी बँकेचा कॉम्प्युटर इसरत न्हाई. नव्या कर्जाला दारात उभं करत न्हाईत."

बँक त्याला विसरत नव्हती, म्हणून त्यानं आम्ही न विसरलेला माणूस शोधला.

नोंद किती वर्षं ठेवायची याचे नियम कुठंतरी असतातच. ती काढून टाकायला मात्र कुणाचाच हात उठत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय हेही कळलं की जो तयार संशयित हातात आणून देतो, त्याचे खिसे आधी तपासावेत. मामांच्या दाखल्यावर सही केली. यादीतलं नाव कमी करण्यासाठी वर इतकी पत्रं लिहिली की बीडच्या दुकानांतली शाई आटली. नाव निघालं.

पुढं केव्हातरी बाजारात एक किराणा दुकान फुटलं. सकाळी ठाण्यात गेलो तर दारात पिवळी स्कूलबस, पोरं शाळेत सोडून रिकामी झालेली. आत बाकावर मामा. मांडीवर डबा.

"मामा, तुमचं नाव काढलंय की आता. तुम्ही कशाला आलात?"

"ठावं हाय, साहेब," मामा म्हणाले. "पण बायकोनं डबा भरला व्हता."