डावीकडं ओढणारी गाडी

दादाच्या लष्करी ट्रंकेत त्याच्या मुलीला परवा तळहाताएवढी रिमोटची गाडी सापडली. नवे सेल घालून तिनं ती फरशीवर सोडली. तापलेल्या मोटरीचा तोच जळका वास आला.

"काका, डावीकडं ओढतीय ही." तिनं रिमोट माझ्या हातात दिला.

माझा अंगठा सवयीनं रिमोटवरच्या, गाडीची दिशा जुळवायच्या बारीक चाकाकडं गेला आणि तिथंच थांबला.

काही वर्षांपूर्वी पाटणच्या अंगणात, सुट्टीवर आलेला दादा पालथा पडून हीच गाडी पळवत होता. तेव्हाही ती डावीकडं ओढायची. मी रिमोटवरचं ते चाक किंचित फिरवलं, तशी ती सरळ धावली. दादानं गाडी उचलून पुढचं डावं चाक बोटानं दाबलं. आतली स्प्रिंग दबून बसली होती.

"मिस्त्री, गाडी वाकडीच हाय. तू नुसतं रिमोटला खोटं बोलाय शिकवलंस," तो हसला आणि त्यानं रिमोटवरचं चाक परत मागं फिरवलं. मग सहज म्हणाला, "जीपचं काम नीट केलंस न्हवं? उद्या शिराळ्याला जायचं हाय."

"व्हय दादा."

जीपही डावीकडंच ओढत होती. पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान तडकलेलं मी पाहिलं होतं. पाटा उतरवायचा कंटाळा केला आणि नुसता स्टीअरिंगचा टायरॉड फिरवून ती सरळ करून दिली. अंगणात अजून सांगता आलं असतं.

सकाळी घाटातल्या वळणावर जीप दादासकट दरीत गेली. सगळे म्हणाले, धुकं होतं. मीही तेच म्हणत आलो.

"काका, करा की सरळ."

मी रिमोट खाली ठेवला. "बस जरा. तुझ्या बापाची जीप कशी गेली, ते आधी सांगतो."