रायाजीचं पान

आमच्या शाळेचे कवायत मास्तर आबाजी किल्लेदार हेडमास्तरांच्या खोलीतून नेहमी उलट्या पावलांनी बाहेर पडत. नवख्या माणसाला वाटे, काय ही अदब! अदब वगैरे काही नव्हतं. आबाजींचे पणजोबा रायाजी हे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत होते आणि गाविलगडच्या दरवाजात इंग्रजांशी लढताना छातीवर घाव घेऊन पडले, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. अशा घराण्यातल्या माणसानं कुणाला पाठ दाखवू नये, हा दंडक आबाजींनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. त्यापायी दारातल्या शिपायाला ते दर वेळी तुडवत, आणि एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी तुडवलं.

कवायतीत पोरगा जरा पोक काढून उभा राहिला, की आबाजी त्याच्यापुढे जाऊन थांबत. "माह्या पणज्यानं तोफेपुढे मान वाकवली नाही गा. तू काहून वाकून राहिला?" पोरांना हे वाक्य पाठ होतं. आम्हा मास्तरांनाही होतं. नागपुरात, आमच्या महाल पेठेत, त्यांच्यामागे लोक हसत. किल्लेदार म्हणवतात, पण किल्ला डोळ्यांनी पाहिलाय कुठे, असं म्हणत. ते खरंच होतं. आबाजींनी गाविलगड पाहिला नव्हता. तीर्थाला जायचं ते संसारातून मोकळं होऊन, असं त्यांचं म्हणणं.

पितृपक्षातल्या चतुर्दशीला मला त्यांच्याकडे जेवणाचं आमंत्रण ठरलेलं असे. शस्त्रानं मरण आलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. आमच्या ओळखीत चतुर्दशीचं पान मांडणारं घर हे एकच, आणि आबाजींना त्याचा कोण अभिमान! एरवी मीठ कमी-जास्त झालं तरी न बोलणारा हा माणूस त्या दिवशी वड्यांच्या आकारावरूनही बायकोशी वाद घाली.

निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात ते मला घेऊन चिखलदऱ्याला निघाले. आगगाडीनं अमरावती, तिथून मोटारीनं परतवाडा आणि मग घाट. चिखलदरा म्हणजे तेव्हा साहेबलोकांची थंड हवा खाण्याची जागा. चार बंगले, कॉफीचे मळे, घोड्यावरून रपेट मारणाऱ्या मडमा आणि कंदिलाच्या काचेपासून बिस्किटांपर्यंत सगळं ठेवणारं एक दुकान. नागपूरच्या उन्हात भाजून आलेले आम्ही भर मे महिन्यात कानाला मफलर गुंडाळून झोपलो.

सकाळी जवळच्याच गाविलगडावर गेलो. दरवाजे पडके, तट ढासळलेला, गवतात तोफा लोळताहेत. आबाजींनी वहाणा काढल्या आणि उंबऱ्याच्या दगडावर डोकं टेकलं. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

आत तळ्याकाठी गवळ्यांची झोपडी होती. म्हशी चरत होत्या. तिथल्या म्हातारीनं आम्हाला दूध दिलं आणि कुठले म्हणून विचारलं. आबाजींनी रायाजींची कथा घोळून घोळून सांगितली. म्हातारी ऐकत राहिली आणि मग अगदी सहज म्हणाली, की नागपूरचा रायाजी शिपाई ना, तो तर आमच्यातच राहिला. लढाईत मांडीला गोळी लागली होती. गवळ्यांनी उचलून आणला, जगवला. लंगडत लंगडत म्हशी राखायचा. तिच्या सासूला त्यानं लहानपणी खांद्यावर खेळवलं होतं.

"मग घरी काहून नाही गेला?" आबाजींनी विचारलं.

"म्हने, घरी माह्या नावानं पानी सोडलं असन. आता कोन्या तोंडानं जाऊ?" म्हातारी म्हणाली. "लई म्हातारा होऊन मेला, बाबू. झोपेतच."

आबाजींनी दूध संपवलं, तिला नमस्कार केला आणि उतरायला लागले. वाटेत मी समजूत घातली. नाव एक म्हणून माणूस एक असं थोडंच आहे, रायाजी काय कमी होते फौजेत? ते हो म्हणाले. घाट संपेपर्यंत ते मागे वळून गडाकडेच पाहत होते. मला वाटलं, उभ्या जन्माचा ताठा मोडला, त्याचं दुःख करताहेत. परतवाड्याला मोटार थांबली तेव्हा ते बोलले.

"मास्तर, चतुर्दशीले शस्त्रानं मेलेलेच जेवतात. म्हातारी खरी असन, तर आमचा मानूस दर साली दारात येऊन उपाशी परतून राहिला."

त्या भाद्रपदात चतुर्दशी आली आणि गेली, पण मला आमंत्रण नाही. ते आलं दुसऱ्या दिवसाचं, सर्वपित्री अमावस्येचं. ज्यांची मरणतिथी माहीत नाही त्यांना त्या दिवशी जेवू घालतात. गेलो तर आत आबाजी बायकोला सांगत होते, वडे मऊ कर, म्हाताऱ्याले चावले पाहिजेत. आणि ओसरीवर उमरेडहून आलेले त्यांचे थोरले चुलतभाऊ नानाजी पगडी हातात घेऊन उभे. एका गवळणीच्या बोलण्यावर तू आपल्या शूर पुरुषाला पळपुटा केलास, महालात आता तोंड कसं दाखवायचं, मी या घरात जेवणार नाही, असं त्यांचं चाललं होतं. त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. त्या घराला दुसरी मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती.

आबाजी सोवळ्यानं बाहेर आले. एरवी खड्या आवाजात हुकूम देणारा माणूस, पण आवाज मुळीच चढला नाही.

"नानाजी, शूर म्हनून आपन त्याले शंभर वर्सं उपाशी ठेवला. आता म्हातारा म्हनून जेवू द्या."

नानाजींनी पगडी खुंटीला अडकवली आणि पाय धुवायला विहिरीकडे गेले.

पानं वाढून झाली. आबाजी रायाजीच्या पानापुढे आले. वाढलेलं सगळं एकदा नीट पाहिलं, खिरीवर आणखी थोडं तूप सोडलं आणि आपण आलेल्या पाहुण्याला म्हणतो तसे हात जोडून म्हणाले,

"सावकाश होऊ द्या, आजोबा."