बंद न होणारा रेडिएटर

बेरिल हॉयलंडला पुरलं त्या दिवशी चर्चमध्ये पाद्री म्हणाला, फार शांत स्वभावाची बाई होती. मी मागच्या बाकावरून असा जोरात खाकरलो की चार माना वळल्या, आणि नोराने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या पायावर टाच दाबली. शांत म्हणे! डोंबलाची शांत! पण त्या पोराला तरी काय माहीत? तो आमच्या गावात आला तेव्हा खाण बंद होऊन वीस वर्षं झाली होती. म्हणून म्हटलं, बेरिल कोण होती ते एकदा मीच सांगून टाकतो.

मी अर्नी ड्रॅबल. यॉर्कशरातल्या या कोळशाच्या गावात तीस वर्षं घराघरांत हीटिंग बसवलं. बेरिल आमच्या समोरच राहायची, दारापासून दारापर्यंत वीस पावलं. खाणीच्या कॅन्टीनमध्ये ती वाढायला असायची. एकदा एका टग्याने रांगेत तिच्या कमरेला हात लावला, तर तिने डावभर उकळतं कस्टर्ड त्याच्या मनगटावर ओतलं आणि विचारलं, "अजून वाढू?" दोनशे माणसं बघत होती. त्या गड्याच्या हातावर शेवटपर्यंत डाग होता.

आणि हीच बाई घरी मार खायची. तिचा नवरा सिरिल. खाणीत कोळसा फोडणारा, रेड्यासारखी मान, आणि बाहेर सगळ्यांशी हसूनखेळून. क्लबात त्याच्याशेजारी बसायला लोक जागा धरायचे. घरात शिरला की पट्टा काढायचा. मी तिला विचारलं होतं, सोडून का जात नाहीस? म्हणाली, "आईला पाठुंगळीला घेऊन जाऊ का?"

आई म्हणजे एडिथ मावशी. लकवा मारल्यापासून ती बेरिलकडे होती, जिन्याजवळच्या खोलीत, पलंगावर. फुप्फुसं पार गेलेली. डॉक्टरने बेरिलला स्वच्छ सांगितलं होतं, की हिची खोली रात्रंदिवस उबदार राहिली पाहिजे, एका गार रात्रीत न्यूमोनिया होईल आणि मग मला बोलावू नका. सिरिलने ते ऐकलं, आणि त्या मेल्याला बायकोला छळायची नवी युक्ती सापडली. बेरिलच्या अंगावर मार बसून बसून ती निबर झाली होती. मग तो म्हातारीच्या खोलीतल्या विजेच्या हीटरचा प्लग कात्रीने कापून टाकायचा. दोनदा कापला. दोन्ही वेळा बेरिल रात्रभर आईला अंगाशी धरून बसली.

मग खाणकामगारांचा संप हरला, खाण बंद झाली, आणि भरपाई म्हणून हातात आलेल्या रकमेतून सिरिलने घरभर हीटिंग करायचं ठरवलं. आमच्याकडे खाणकाम्याला कोळसा फुकट, निवृत्त झाला तरी फुकट. त्यामुळे बैठकीतल्या शेगडीमागे भिंतीत बॉयलर, आणि तिथून नळ्या सगळ्या खोल्यांत, हीच रीत. सिरिलने मला क्लबात गाठलं. "म्हातारीच्या खोलीला किल्लीवाला व्हॉल्व्ह लाव. किल्ली मला दे. बाकीचं बेरिलला विचार, बायकांना कशात तरी मत देऊ द्यावं."

दुसऱ्या दिवशी मी बेरिलच्या स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीन व्हॉल्व्ह मांडले.

"हा चाकवाला. कुणीही हाताने फिरवावा, उघडावा, मिटावा."

"कुणीही म्हणजे सिरिलसुद्धा. पुढचा?"

"हा टोपणवाला, सिरिलला हवाय तो. पान्याशिवाय हलत नाही."

"आणि पाना कुणाच्या खिशात असणार ते मला नको सांगूस. पुढचा?"

"हा थर्मोस्टॅटचा. शून्यापासून पाचापर्यंत आकडे. खोली तापली की आपला आपण मिटतो, गार पडली की उघडतो."

"आणि त्याने शून्यावर नेऊन ठेवला तर?"

"तर मिटलेलाच राहील."

तिने तो हातात घेऊन वजन केलं. "यावर हातोडा घातला तर फुटेल?"

"फुटेल की."

"फुटल्यावर उघडा राहतो की बंद?"

मला हसूच आलं. "अगं बाई, व्हॉल्व्ह निवडायला बसलीयस की लढाईला?"

ती हसली नाही. तिने बाही कोपराच्या वर सरकवली. दंडावर पाच बोटं उठलेली, काही निळी, काही पिवळी पडलेली. "कशाला बसलेय ते तूच बघ," म्हणाली. "बंदच होत नाही असा व्हॉल्व्ह आहे का तुझ्याकडे?"

"मग त्याला व्हॉल्व्ह कोण म्हणेल?" असं मी म्हणालो खरा, आणि म्हणता म्हणताच माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. कोळशाचा बॉयलर गॅससारखा बटण दाबून विझत नाही. निखारे आत फुलतच असतात. सगळे रेडिएटर मिटले तर उष्णता जाणार कुठे? पाणी उकळतं. म्हणून एक रेडिएटर कायम उघडा ठेवायचा, त्याला व्हॉल्व्ह लावायचाच नाही. आम्ही सगळे तो न्हाणीघरात ठेवतो, टॉवेल वाळतात म्हणून. मी हे बेरिलला सांगितलं.

ती टेबलावरून उठली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. "टॉवेल गेले खड्ड्यात. तो आईच्या खोलीत ठेव."

ठेवला. बाकी सगळीकडे आकड्यांचे व्हॉल्व्ह लावले. सिरिल खूश होऊन शेजाऱ्यांना आकडे फिरवून दाखवत होता. मग म्हातारीच्या खोलीत गेला आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, "अर्नी, किल्ली कुठाय?"

मी समजावून सांगितलं. बॉयलर, निखारे, पाणी. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मग माझ्या तोंडावर असा ठोसा मारला की मी जिन्याच्या कठड्यावर जाऊन आपटलो. मीही काही कमी नाही. हातात नळी वाकवायचं लोखंड होतं, ते मी त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो पडला, मी त्याच्यावर पडलो, त्या बोळकांडीत आम्ही कुत्र्यांसारखे भांडलो. त्याने माझा कान चावला, मी त्याचं डोकं फरशीवर आपटलं. मध्ये पडली ती बेरिल. "अर्नी, जा! तू जा आता, मार पुढे मलाच खायचाय!"

मी गेलो. त्याची लाज मला आजही वाटते. त्या संध्याकाळी त्याने तिची दोन बोटं दारात धरून दार लावलं. मी पोलिसाला घेऊन आलो, तर तो पोलीस उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, नवरा-बायकोचं आहे, मिटवा आपसात. बेरिल त्याला म्हणाली, "मिटलंय, साहेब. हाडंसुद्धा मिटलीत."

पण रेडिएटर चालू राहिला. तो हिवाळा एडिथ मावशी उबेत होती. तिचा खोकला उतरला, गालांवर रंग आला, डाव्या हाताने पेला धरायला लागली. बेरिल मला रस्त्यात भेटली की बांधलेली बोटं नाचवून दाखवायची. "फुकट नाही गेली रे!" म्हणायची.

मग सत्त्याऐंशीचा जानेवारी आला. दारं बर्फाने चिकटली, माळ्यांवरच्या टाक्या गोठल्या, मला चोवीस तास बोलावणी. शनिवारी सकाळी बेरिल धावत आली. पायात नुसते मोजे.

"त्याने तिच्या रेडिएटरला व्हॉल्व्ह लावला. स्वतःच. काल दिवसभर नळ्यांतलं पाणी काढून बसला होता."

माळ्यावरची नळी गोठलेली, म्हणजे वाफेला वरची वाट बंद. बाकीचे व्हॉल्व्ह खोली तापली की आपले आपण मिटतात; आता हाही मिटला, तर तो बॉयलर नव्हे, बाँब. मी पाना घेऊन तसाच त्यांच्या घरात शिरलो. सिरिल शेगडीसमोर कोळसा सारत होता.

"सिरिल, माझं काय वाकडं करायचं ते कर, पण ते काढू दे. घर उडेल!"

"तीस वर्षं कोळशात काढलीत मी," तो म्हणाला. "तू मला कोळसा शिकवतोस? नळ दुरुस्त करणारा?"

"तुझ्यासाठी नाही सांगत, गाढवा! आत दोन बायका आहेत!"

त्याने फावडं फिरवलं. पातं माझ्या मनगटावर बसलं, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा घाव खांद्यावर. मी रांगत बाहेर आलो. नोराने मला दवाखान्यात नेलं, तिथे हाताला प्लास्टर घातलं. पोलिसांकडे तक्रार लिहून दिली. सोमवारी बघू, म्हणाले.

रविवारी सिरिल नेहमीसारखा बाराला क्लबात गेला आणि दोनला जेवायला आला. पुढचं मला बेरिलने सांगितलं. ग्रेव्हीत गुठळी होती. त्याने ताट भिंतीवर फेकलं, तिला केसाला धरून जिन्यापाशी नेलं, तिच्यादेखत म्हातारीचा व्हॉल्व्ह पान्याने आवळला आणि पाना बंडीच्या खिशात टाकला. "आता घाल तुझ्या आईला ऊब." मग शेगडीत दोन बादल्या कोळसा रचला, खुर्ची ओढली, पाय पसरले आणि घोरायला लागला.

अर्ध्या तासाने भिंतीत आवाज सुरू झाले. आधी टकटक, मग कुणी आतून घण मारतंय असे.

मी आमच्या पुढच्या खोलीत होतो. दारावर लाथ बसली. नोराने उघडलं तर बेरिल, आणि तिच्या हातांवर, तान्ह्या पोराला घ्यावं तशी, घोंगडीत गुंडाळलेली एडिथ मावशी. बेरिलने तिला आमच्या कोचावर ठेवलं. तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"भिंत ठोकतेय," ती म्हणाली. "जोरात."

"सिरिल कुठाय?"

"शेगडीसमोर झोपलाय."

"उठवलं नाहीस?"

"तीनदा उठवलं." तिने तोंड उघडलं. पुढचे दोन दात नव्हते. "तिसऱ्यांदा हे केलं. म्हणाला, परत उठवलंस तर म्हातारीला बर्फात नेऊन टाकीन."

मी उठलो. काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. मागचं दार उघडंच असायचं. जायचं, त्याची कॉलर धरायची आणि ओढत अंगणात आणायचं. एक हात पुरला असता. मी जिन्याच्या पायरीवर बसलो, पायातल्या सपाता काढल्या आणि बूट ओढले. नाडी बांधायला लागलो. डाव्या हाताने जमेना. नोरा म्हणाली, "आण इकडे, मी बांधते." मी म्हटलं, "राहू दे, जमतंय." एक नाडी बांधून झाली. बरी नाही बसली म्हणून सोडली, पुन्हा बांधली. बेरिल समोर उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. मी दुसरा बूट घेतला.

तेव्हा आवाज झाला. आमच्या खिडक्यांच्या काचा आत आल्या. त्यांच्या बैठकीची पुढची भिंत रस्त्यावर पडली होती आणि बर्फावर निखारे पडून चरचरत होते. सिरिलला ओळखायला बेरिलला नेलं नाही, मी गेलो. खाणीत छत कोसळल्यावर बाहेर काढलेली माणसं बघितलीत मी, पण त्या दिवशी मी गटारापाशी बसून ओकलो.

चौकशी झाली. मी साहेबांना सांगितलं, हात मोडला होता, बूट घालायला वेळ लागला. त्यांनी प्लास्टरकडे बघितलं, लिहून घेतलं, आणि तुम्ही शक्य ते केलंत म्हणाले. बेरिलला विचारलं, किती वेळा उठवलंत? ती म्हणाली, तीन वेळा. तिचे दात बघून पुढे कुणी काही विचारलं नाही.

एडिथ मावशी पाच हिवाळे जगली, आणि गेली ती उन्हाळ्यात. बेरिल तर त्यानंतर सतरा वर्षं. क्लबात बायकांच्या टेबलावर तिचा आवाज सगळ्यांत मोठा, हसली की दातांची ती खिंड दिसायची. कवळी कधी बसवली नाही. त्या रविवारबद्दल आम्ही दोघं इतक्या वर्षांत बोललो नाही.

बोललो ते एकदाच, दोन महिन्यांपूर्वी, इस्पितळात. नोरा चहा आणायला गेली होती. बेरिलने डोळे उघडले.

"अर्नी, तुझ्या पायात सपाता होत्या. वीस पावलं तर होती. सपातांनी पोचला असतास."

मी म्हणालो, "तू नुसतं 'जा' म्हटलं असतंस, तर गेलो असतो गं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणूनच नाही म्हटलं."

मग तिने पाणी मागितलं. मी मान उचलून पाजलं.